दाराशी ठेवलेले बूट

कंचन,

तू गेल्यापासून तीन वेळा मी तुमच्या पेढीच्या वळणापर्यंत येऊन माघारी फिरले. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावर नव्यानंच बसायला लागलेल्या पानवाल्यानं विचारलंसुद्धा, "ताई, कोन्तं घर हुडकून राह्यल्या?" मी म्हणाले, कुठलंच नाही. मला काकीजींना, तुझ्या आईला, एक गोष्ट सांगायची होती. पण ती त्यांना सांगून काय उपयोग, ती तर तुला सांगायची होती, असं म्हणत मी दर वेळी परत फिरले.

तू मला चिडवायचीस, "शालू, तू बोलायच्या आधी इतका इच्यार करतीस की समोरचा माणूस घरी जाऊन जेवून येतो." तसंच झालं. फक्त तू परत आली नाहीस.

श्रावणात तुझ्या सासरहून, शहागडहून, तू गेल्याचा निरोप आला. काय झालं, कसं झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते गल्लीत सगळे सांगतात, आणि त्या सांगण्यात तू कुठेच नसतेस.

मला तू आठवतेस ती अकरा वर्षांची. निजामी गेली त्याच्या पुढच्या साली आम्ही टेंभुर्णी सोडून जालन्यात, मस्तगडला, तुमच्या शेजारी राहायला आलो. मी नऊ वर्षांची. दादा, म्हणजे माझे वडील, उर्दूत शिकलेले. राज्य बदललं आणि त्यांचं सगळं शिक्षण पाहता पाहता जुनं झालं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं आणि ठरवलं की पोरीला इंग्रजीच शिकवायचं. मला सिकंदराबादला ख्रिस्ती नन्सच्या बोर्डिंगमध्ये घातलं. तिथे जाण्याआधीचे चार महिने मी जालन्यात होते, आणि त्या चार महिन्यांत मला एकच मैत्रीण मिळाली. गल्लीतल्या मुली माझ्या गावंढळ बोलण्याला हसायच्या तेव्हा तू सागरगोटे हातात घेऊन मधे येऊन बसलीस आणि म्हणालीस, "हसायचं आसंल तर आधी हिला हरवा." मला सागरगोटे खेळता येत नव्हते. तू मला त्या दुपारी शिकवलेस, आणि हसणाऱ्या मुलींकडून मुद्दाम हरत गेलीस, म्हणजे त्या तुझ्याशी खेळत राहिल्या आणि मला विसरल्या. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या.

पहिल्याच वर्षी भाद्रपदात बोर्डिंगमध्ये गोवराची साथ आली आणि आम्हाला तीन आठवडे घरी पाठवलं. परत जायचा दिवस जवळ आला तसं माझं जेवण तुटलं. तिथे रात्री दिवे मालवल्यावर रडायचं नाही असा नियम होता आणि मला नेमकं तेव्हाच रडू यायचं. हे मी फक्त तुला सांगितलं होतं. तू विचार केलास आणि म्हणालीस, "मंग जाऊच नको. गाडी निघून गेली की कोण नेणार?"

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. तुमच्याकडे त्या दिवशी संवत्सरी होती. तुझा उपास होता. दुकानं बंद, सगळं घर संध्याकाळी जैन स्थानकात प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेला जाणार. पेढीच्या मागे सरकीच्या पोत्यांची खोली होती. तिथे उद्या दुपारपर्यंत मला कोणी शोधणार नाही, असा तुझा हिशेब. तू पेढीचं दार उघडलंस, मी आत पळाले, तू बाहेरून कडी घातलीस. तुझी आई गल्लीच्या तोंडाशी ओरडत होती, "कंचन, चल जल्दी, सगळे गेले." तुझी पावलं पळत लांब गेली.

मी पोत्यांवर बसून राहिले. सरकीचा तेलकट, उबदार वास येत होता. मला भीती वाटत नव्हती. इतकं सुरक्षित मला नंतर कधी वाटलं नाही.

दिवेलागण झाली नसेल तोच कडी वाजली. दादा दारात उभे होते. ते रागावले नाहीत, इकडेतिकडे पाहिलंही नाही, सरळ आतल्या खोलीत आले आणि म्हणाले, "उठ. उद्याची तयारी करायचीय." मी उठले. बाहेर येऊन बूट घातले, पट्टे लावले आणि त्यांच्या मागे घरी गेले. डोक्यात एकच गोष्ट होती. मी इथे आहे हे फक्त कंचनला माहीत होतं.

सकाळी ट्रंक टांग्यात चढवली तेव्हा तू आलीस. डोळे सुजलेले. तू माझ्यासमोर उभी राहिलीस, दोन्ही हात जोडलेस आणि म्हणालीस, "खमतखामणा, शालू. मला माफ कर."

तुमच्यात संवत्सरीनंतर सगळेच सगळ्यांकडे जाऊन अशी माफी मागतात, वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखवलं असेल त्याबद्दल, हे मला कुठून माहीत असणार? टेंभुर्णीत आम्ही शेतकऱ्यांच्या आळीत राहायचो. मी पाहिलं ते एवढंच, की काल जिला माझी जागा ठाऊक होती ती आज रडून रडून हात जोडते आहे. म्हणजे हिनंच सांगितलं, आणि आता कबूल करते आहे. मी तोंड फिरवलं. टांगा हलला. तू हात जोडून तशीच उभी होतीस. मी मागे वळून पाहिलं नाही असं मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं, पण मी पाहिलं होतं.

बोर्डिंगमध्ये दर भाद्रपदात तुझं कार्ड यायचं. छापील. कळत-नकळत झालेल्या चुकीबद्दल क्षमा, आणि खाली तुमच्या पेढीचं नाव. त्याखाली तुझं अक्षर, मोठं आणि वाकडं: कंचन. एका वर्षी नावाच्या पुढे दोन शब्द होते, "औंदा तरी." सिस्टर पत्रं वाटायच्या तेव्हा मुली विचारायच्या, कोणाचं? मी म्हणायचे, आमच्या शेजाऱ्यांचं. मला वाटायचं, हिला अजून खातंय. खाऊ दे. मी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही.

मी पंधरा वर्षांची असताना आजारी पडून घरी आले होते, तेव्हा दादांच्या टेबलावर तशाच कार्डांचा गठ्ठा पाहिला. मोंढ्याच्या बाजारातल्या प्रत्येक पेढीचं एक. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "आगं, ही तर समद्यालाच येतेत. त्यांची रीत हाये ती. टांगेवाल्याला बी हात जोडतेत." कोणी शहाणी असती तर तिचं मन तिथे निवळलं असतं. मला उलट जास्त राग आला. म्हणजे तू माझी माफीसुद्धा मागितली नव्हतीस! टांगेवाल्याला देतात तेच मला दिलं होतंस. दादांच्या गठ्ठ्यातल्या एकाही कार्डावर हातानं लिहिलेलं काही नव्हतं, हे मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि त्याचा विचार केला नाही.

सुट्टीत तू यायचीस. कधी पापड घेऊन, कधी नुसतीच. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरून बसायचे. तू पुस्तकाच्या वरून डोकावून म्हणायचीस, "मेमसाब, पान तरी उलट. घंट्यापासून एकच वाचून राह्यली." मला हसू यायचं आणि मी ते गिळायचे. तुझ्या लग्नात हातावर मेंदी काढताना तू मला शेजारी बसायला बोलावलंस. तुझे दोन्ही हात अडकलेले, नाकावर केस आलेला. तू म्हणालीस, "शालू, हा केस बाजूला कर गं." मी केला. मग डोकं दुखतंय म्हणून उठून आले. डोकं दुखत नव्हतं.

आणि मग तो जपानी चित्रपट.

गेल्या चैत्रात तू गणगौरीच्या सणासाठी माहेरी आली होतीस. मी सिकंदराबादचं शिक्षण संपवून घरीच होते. एका शनिवारी तू दारात उभी राहिलीस. "शालू, टॉकीजला उद्या सकाळी जपानी शिनेमा हाये. खाली इंग्रजीत लिहून येतं म्हणे. मला वाचून सांगायला मेमसाब पायजे." मी नाही म्हणायच्या आत तू आईला विचारून मोकळी झाली होतीस.

बायकांच्या बाजूला आपण दोघी आणि एक डॉक्टरीणबाई. पुरुषांकडे तीसेक जण असतील. गोष्ट साधी होती. सात-आठ वर्षांचा एक मुलगा, आई वारलेली. घरात गावच्या शाळेतली मास्तरीण भाड्यानं राहायला येते. मुलाकडे आईची एक छत्री असते. एक दिवस ती जागेवर नसते. त्याला वाटतं हिनंच टाकली. तो काही विचारत नाही. तिच्या वह्या भिजवतो, शाळेत तिच्याबद्दल वाईट सांगतो, गाव तिच्याशी बोलेनासं होतं आणि ती निघून जाते. छत्री तिनं दुरुस्तीला दिलेली असते.

मी तुझ्या कानाशी तोंड नेऊन एकेक ओळ मराठीत सांगत होते. दहा वर्षांत मी तुझ्याशी इतकं बोलले नव्हते, आणि एकही शब्द माझा नव्हता. तुझ्या केसांना मेंदीचा आणि तुपाचा वास येत होता. पुरुषांकडून कोणीतरी ओरडलं, "आरं, गानं कवा यील?" दुसरा म्हणाला, "त्यांचं गानं बी खाली लिहूनच यील." तू खुसखुसलीस. मध्यंतरात अर्धे लोक उठून गेले. तुला मात्र सगळं आवडत होतं. ते जमिनीवर बसून जेवतात, वाकून बोलतात. "बघ, आपल्यासारखेच हायेत," तू म्हणत होतीस.

तो मुलगा शाळेतून आला की हाक मारायचा नाही. आधी पायरीपाशी काढून ठेवलेली पायताणं बघायचा. बापाची असली तर आत जायचा. मास्तरणीची असली तर माघारी फिरायचा. चित्रपटात हे तीन-चारदा होतं. तिसऱ्या वेळी तू पडद्याकडे बघत हळूच म्हणालीस, "बघ शालू. आत कोण हाये ते चपलाच सांगतेत."

मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

पेढीवर पांढरी गादी असायची. तिच्यावर पायताण घालून कोणी पाऊल टाकत नसे. पोत्यांच्या खोलीत जायचं तर गादीवरून जावं लागे. पळत जाऊन लपतानासुद्धा मी दाराबाहेर थांबले असणार, बूट काढले असणार, आणि सिस्टरनं शिकवलं तसे जोडीनं, टाचा भिंतीला लावून, ठेवले असणार. पट्ट्याचे काळे बूट. साऱ्या मस्तगडमध्ये तसा एकच जोड. बाहेर येऊन मी तेच बूट पायात घातले होते. पट्टे लावले होते. तेव्हाही मला कळलं नव्हतं.

"पुढं काय म्हणली ती?" तू विचारलंस.

"काही नाही," मी म्हणाले. "काही विशेष नाही."

तू माझ्याकडे बघत होतीस, पडद्याकडे नाही. पडद्याच्या उजेडात तुझी नथ हलत होती. मला वाटतं तू वाट पाहत होतीस. मी पुढची ओळ वाचली.

घरी परतताना आपण भांडलो. मी म्हणाले, मास्तरणीचीच चूक. छत्री दुरुस्तीला टाकली एवढं एक वाक्य तिनं सांगायला हवं होतं. तू रस्त्यातच थांबलीस. "तिनं काहून सांगायचं? तिनं चोरी केल्ती का? त्यानं इचारायचं व्हतं."

"तो लहान होता."

"मोठा झाल्यावर इचारायचं व्हतं."

"मोठं झाल्यावर विचारणं आणखी अवघड असतं, कंचन."

"मंग तिनं जल्माची वाट बघायची का?"

तुमचं घर आलं. तू हसलीस, माझ्या गालाला चिमटा घेतलास आणि आत गेलीस. तुझा राग नेहमी असाच अर्धा राहायचा. भांडण तिथेच राहिलं.

जेवताना मी दादांना विचारलं, त्या दिवशी मी पेढीत आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? त्यांना आधी आठवेना. मग हसायला लागले. "कोन सांगंल? तुझे बूटच सांगून राह्यले व्हते. टाचा भिंतीला लावून! आपल्यात असं ठिवतं का कुनी?" आईही हसली. मी ताटातली भाकरी बारीक बारीक मोडत राहिले.

दोन दिवसांनी तू शहागडला जाणार होतीस. दोन दिवस पुरेसे होते. तुमचं दार आमच्या दारापासून वीस पावलांवर. मी गेले नाही. नंतर तीन पत्रं लिहिली आणि फाडली. माझं मराठी कागदावर उतरलं की परक्याचं वाटतं. तू हसली असतीस. मग मला एक सोय सुचली. भाद्रपद येईल. संवत्सरी होईल. तू माहेरी येशील किंवा तुझं कार्ड येईल. त्या दिवशी सगळेच माफी मागतात. माझीही त्यांत मिसळून जाईल, कोणाला वेगळी दिसणार नाही. म्हणजे पुन्हा लपायचीच जागा मी शोधली होती, कंचन. ह्या खेपेला तुमच्या धर्मात.

श्रावणात निरोप आला.

काल संवत्सरी झाली. आज सकाळी मी चौथ्यांदा निघाले आणि वळणावर थांबले नाही. पेढीच्या बाजूचा जिना चढले. तुमच्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली वीतभर मोकळं. मी चपला काढल्या. हाक मारणार तोच आतून काकीजींचा आवाज आला, "शालू, ये बेटा."

त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. मी विचारलं, मी आहे हे कसं कळलं?

"भिंतीला टाचा लावून दुसरं कोण ठेवतं? कंचन म्हणायची, बाई, शालू कुठं बी लपू दे, सापडतीच." आईला तू बाईच म्हणायचीस. त्या थोड्या हसल्या. मग म्हणाल्या, "तुला ठाऊक न्हाई. तुम्ही ल्हान व्हत्या. स्थानकात संवत्सरीचं पडिकमणं चालू व्हतं, आन् मधीच उठली पोरगी. म्हणे, शालूचे बूट भायेरच राह्यले, मी आल्ये उचलून. मी दंड धरून खाली बसवली. पडिकमण्यातून मधी उठत न्हाईत. मला काय माहीत कशाचे बूट, कसले बूट! सारा वेळ रडून राह्यली. दुसऱ्या रोजी पारणं बी केलं न्हाई. म्हणे, आधी शालूकडं जाते."

मी पडद्याखाली दिसणाऱ्या माझ्या चपलांकडे पाहिलं.

"परत आली न् म्हणली, बाई, तिनं माफ न्हाई केलं. मी म्हणलं, करंल, टाइम लागतो. मंग दरसाल कार्ड लिवताना म्हणायची, औंदा करंल." काकीजींनी दोन्ही हात जोडले. "आता ती न्हाई, तर तिच्या बदल्यात मी मागते. बुटाचं सोडून दे बेटा. खमतखामणा."

मी त्यांचे हात धरले. जोडू दिले नाहीत. म्हणजे तू खरोखरच माझी माफी मागितली होतीस. टांगेवाल्याची नाही, मोंढ्याची नाही, माझी. उपाशी पोटी, माझे बूट उचलता आले नाहीत म्हणून. मी सगळं सांगून टाकलं, न थांबता, जसं मी कधी बोलत नाही: की मला वाटलं होतं कंचननं दादांना सांगितलं, की तिचे हात मी कबुली समजले, की चित्रपट बघताना मला कळलं आणि तरी मी गप्प बसले. काकीजी ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "दहा साल तुला तसंच वाटून राह्यलं?"

"हो."

"आन् तिला वाटून राह्यलं, तू बुटापायी रागावली." मग त्या म्हणाल्या, "हे तिला सांगायला पायजे व्हतं, बेटा."

त्यांनी मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. ते त्यांच्याकडे मागायचं नव्हतं. थोड्या वेळानं त्या उठल्या, आत जाऊन दूध गरम केलं आणि पेला माझ्यासमोर ठेवला. मी तो पूर्ण प्याले. खाली उतरले तेव्हा पेढी उघडली होती. पांढऱ्या गादीच्या अलीकडे, दाराजवळच्या भिंतीशी, मी जरा वेळ उभी राहिले. तिथे कोणाच्या तरी कोल्हापुरी वेड्यावाकड्या पडल्या होत्या.

कंचन, त्या दिवशी रस्त्यात तू म्हणालीस ते बरोबर होतं. तिनं सांगायचं काही कारण नव्हतं. त्यानंच विचारायचं होतं.